किटलीच्या कडीला बांधलेली गणितं

पणदऱ्याच्या पुढं एका वाडीवर आमची शाळा. आठवी ते दहावी, पाच शिक्षक आणि शेंडगे बाई. खरं तर बाई धरूनच सहा जण व्हायचे, पण त्यांना वेगळं मोजायची आम्हा सगळ्यांना सवय झाली होती. त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. मी रुजू झालो तेव्हा त्यांची तिथं वीस वर्षं झाली होती आणि स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची त्यांची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी त्या खुर्चीत ऐसपैस बसलो. बाई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. मग मीच माझं गाव, माझं शिक्षण, आधीची नोकरी, ती का सोडली, असं सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. पुढं?"

मी मुकाट्यानं उठलो.

हा "पुढं?" त्यांच्या तोंडात कायम असायचा. फळ्यापाशी अडलेल्या पोराला तोच, एसटी चुकल्याची कहाणी सांगणाऱ्या पोरीला तोच. एकदा तालुक्याहून एक साहेब आले आणि आम्हाला बाकांवर बसवून चाळीस मिनिटं गुणवत्तेवर बोलले. त्यांचं संपलं, टाळ्यांसाठी हात वर गेले, तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, "बरं साहेब, पुढं?" साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला आणि म्हणाले, "पुढं... चहा घेऊ की." त्या दिवसापासून तालुक्याचे साहेब आमच्याकडं आले की भाषण आटोपशीर करायचे.

बाई तिखट होत्या, खोटं कशाला सांगू. गावात कुणी हेल्मेट घालत नव्हतं तेव्हा त्या हेल्मेट घालून स्कूटीवर यायच्या. पर्समध्ये दोन लाल पेनं, एक चालणारं आणि एक ते संपलं तर. मधल्या सुट्टीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा. कुणाच्या वहीवर "छान" लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. चुकलं तर "परत कर" आणि अगदी बिनचूक असलं तर "बरं आहे". एका पोरीला आख्ख्या वर्षात एकदा "बरं आहे" मिळालं, तर तिनं ती वही आईला, आजीला आणि शेजारच्या किराणावाल्याला दाखवली होती.

मग शाळा बंद झाली. आठ दिवस, पंधरा दिवस असं म्हणता म्हणता वर्ग कुलपातच राहिले. वरून आदेश आला, ऑनलाइन शिकवा. मी घरात पडद्यापुढं उभा राहून कवितेचे व्हिडिओ बनवले आणि ग्रुपवर टाकले. पोरं अंगठा दाखवायची. पोरींच्या घरूनही अंगठे यायचे. मी खूश होतो, सगळा वर्ग हजर!

बाईंनी ते अंगठे आठ दिवस नुसते पाहिले. मग त्यांनी ग्रुपवर एक प्रश्न टाकला. "मुलींनो, हा फोन कुणाच्या खिशात असतो?" दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळनंतर एकेक उत्तर यायला लागलं. पप्पांच्या. दादाच्या. चुलत्याच्या. एकीनं लिहिलं, बाई, अंगठा दादानंच दाबला, मी भेंडी तोडायला होते. बाईंनी पुढचा प्रश्न टाकला, "आणि पप्पा रोज न चुकता कुठं जातात?"

याचं उत्तर सगळ्यांचं एकच. डेअरीवर.

आमच्याकडं सगळं थांबेल पण दूध थांबत नाही. रस्त्यावर पोलीस उभे होते, बाजार बंद होता, देवळाला कुलूप होतं आणि सकाळ-संध्याकाळ दोन वेळा प्रत्येक घरातून एक किटली मात्र डेअरीवर येत होती. लांब लांब चुन्याचे गोल मारलेले, एकेका गोलात तोंडाला रुमाल बांधलेला एकेक बाप्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या रांगेच्या तोंडाशी, फॅट काढायच्या यंत्राशेजारी, हेल्मेटसकट शेंडगे बाई स्टुलावर बसल्या होत्या.

डेअरीचे सचिव पोपट तात्या. त्यांनी हात जोडले. "बाई, हितं दूध घेत्यात. शाळा तिकडं हाय."

"शाळा बंद आहे, तात्या. तुमचं चालू आहे."

"आवो पर हितं तुमी काय करणार?"

"तुम्ही दूध मोजा. मी कागद देते."

रिकाम्या दुधाच्या पिशव्या त्यांनी धुऊन, वाळवून आणल्या होत्या. एकेका पिशवीत एकेक कागद, कागदावर तीन गणितं आणि वर मुलीचं नाव. दूध ओतून किटली रिकामी झाली की बाई ती पिशवी रबर लावून किटलीच्या कडीला बांधायच्या आणि बाप्याला सांगायच्या, "संध्याकाळच्या धारेला परत आला पाहिजे." पहिल्या दिवशी माणसं हसली. मीही हसलो. घरी बायकोला म्हणालो, डेअरीत बसून बसून बाईंना आता विरजण लागणार. तिसऱ्या दिवशी एकवीस कागद परत आले. कुणाच्या कागदावर हळदीचं बोट, कुणाच्या भेंडीच्या देठाचा हिरवा डाग, एकावर तर गाईनं शेपूट फिरवलेलं. बाई एकेक कागद उलगडून तिथंच तपासायच्या.

त्यांची एक पद्धत मात्र मला कळत नव्हती. कागदावरची तिन्ही गणितं बरोबर आली तरी खाली त्या आणखी एक गणित लिहायच्या आणि तोच कागद परत पाठवायच्या. मी म्हणालो, "बाई, झालं की तिचं. तिला जरा श्वास घेऊ द्या."

"सर, तुमच्या घरात तुम्ही वाचत बसलात तर कुणी उठवतं का?"

"नाही."

"या पोरींना उठवतात. मजूर मिळत नाहीत, तर खुरपायला पोरगी, धारेला पोरगी, भाकरीला पोरगी. तिनं म्हटलं मला अर्धा तास पाहिजे, तर कोण देईल? पण बाईंनी कागद परत मागितलाय म्हटलं की देतात. स्वतःसाठी मागता येत नाही तिला. माझ्या नावावर मागू दे."

मी त्यानंतर हसलो नाही. दुसऱ्या दिवसापासून माझाही एकेक परिच्छेद त्याच पिशवीत जायला लागला.

मधे काही महिने शाळा उघडली आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत बंद झाली. या वेळी गावात माणसं दगावायला लागली होती, त्यामुळं कुणी कुणाच्या दारात जाईना. पण डेअरी चालू राहिली, बाईंचं स्टूलही. आणि बाईंच्या हातून ती चूक झाली ती याच दिवसांत.

नववीत अश्विनी नावाची मुलगी होती. काटकुळी, बोलायला लाजणारी, गणितात मात्र हुशार. तिचे कागद रोज यायचे आणि तिला बाईंनी चार वेळा "बरं आहे" दिलं होतं. एक दिवस तिच्या घरची किटलीच आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "एकच गाय हाय त्यांच्यात, ती आटली. गाभण हाय. दोनेक म्हैन्यात ईल, मग सुरू हुईल दूध."

बाईंना ते पटलं. आम्हा सगळ्यांना पटलं. गाय आटली की किटली येत नाही, किटली नाही तर कागद नाही, यात आम्हा इथल्या माणसांना काही वावगं वाटलंच नाही. बाईंनी वहीत अश्विनीच्या नावापुढं लिहून ठेवलं, "गाय व्यायल्यावर." पुण्याचा कुणी असता तर कदाचित म्हणाला असता, अहो, गाय आटली म्हणजे पोरगी आटली का? आमच्या डोक्यात ते आलं नाही.

दोन महिन्यांनी अश्विनीच्या वडलांकडून बाईंच्या घरी डबा आला. गाय व्यायली होती, चिकाचा खरवस पाठवला होता. वेलदोडा घातलेला, गुळाचा. बाईंनी अर्धा माझ्याकडं पाठवला आणि फोनवर म्हणाल्या, "चार दिवसांत चीक संपेल, मग किटली येईल. अश्विनीसाठी मी साठ गणितं काढून ठेवलीत." इतक्या खुशीत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी किटली आली. मीही तिथंच होतो. बाईंनी पिशवी बांधायला घेतली, तर अश्विनीचे वडील मान खाली घालून म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या कागद."

"का?"

"ती न्हाय हितं आता. अंथुर्ण्याला असती. लगीन झालं तिचं, तीन आठवडं झालं. पंचवीस माणसात उरकलं, कुणाला बोलवाया जमलं न्हाय. स्थळ चांगलं हुतं, खर्च बी न्हाय... आन् शाळा तर बंदच हाय, बाई."

मी बाईंच्या तोंडाकडं बघत होतो. आता "पुढं?" येणार म्हणून. तो आला नाही. बाई पायरीवर खाली बसल्या, हातात ती पिशवी तशीच. एवढंच म्हणाल्या, "मी खरवस खाल्ला हो, सर." त्यानंतर त्यांनी खरवस तोंडात घातला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या मोटारसायकलवर मागं बसल्या, हेल्मेट घालून, आणि आम्ही अंथुर्ण्याला गेलो. सासरची परिस्थिती बरी होती. पत्र्याचा मोठा गोठा, सात-आठ जनावरं. अश्विनी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, कोपरापर्यंत शेणानं भरलेली. बाईंना बघून तिनं हात मागं लपवले. सासू, हौसाबाई, बाजेवर बसायला सांगून समोर उभी राहिली, भांडायच्या तयारीनं.

बाईंनी सासूकडं बघितलंच नाही. त्या अश्विनीला म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी गाईकडं बघत राहिले, तुझ्याकडं बघितलं नाही."

इतकी वर्षं ज्या बाईंनी कुणापुढं मान तुकवली नव्हती, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीसमोर हे बोलल्या. अश्विनी रडायला लागली.

हौसाबाई म्हणाली, "आमी काय छळत न्हाय तिला. लेकरू गुणाचं हाय. धार झ्याक काढती."

"बरं. पुढं?"

"पुढं काय, पुढं?"

"दहावीचं वर्ष आहे तिचं."

"आन् हितलं काम? तुमी येता का शेण काढाया?"

मला वाटलं, आता ठिणगी पडणार. पण बाईंनी वाद घातला नाही. गोठ्याकडं बघत विचारलं, "तुमचं दूध कुठं जातं?"

"टँकर येतुया की सकाळी. रफिकभाईचा."

"कुठल्या रस्त्यानं?"

तो टँकर बारामतीवरून आमच्या वाडीच्या फाट्यावरूनच पुढं प्लँटला जायचा. बाई उठल्या. म्हणाल्या, "रोज एक कागद येईल. अर्धा तास लागेल. तेवढं द्या."

"कागदानं काय हुतंय, द्या," हौसाबाई म्हणाली. कटकट टळली तर बरं, असा आवाज होता.

रस्त्यापर्यंत अश्विनी सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, केस करू नका. मला दोनी घरं बंद व्हत्याल." कायद्यानं काय करायला हवं होतं ते त्यांना माहीत होतं, मलाही. आम्ही ते केलं नाही. ते बरोबर की चूक, यावर आमचं पुढं कितीदा तरी बोलणं झालं आणि प्रत्येक वेळी बाईच म्हणायच्या, "आधी कळायला हवं होतं. नंतरचं सगळं ठिगळ."

रोज साडेनऊच्या सुमाराला रफिकभाई फाट्यावर टँकर उभा करायचा, एक पिशवी द्यायचा, एक न्यायचा. तो म्हणायचा, "बाई, टाकीत वीस घरांचं दूध अन् केबिनमधी तुमचं पोस्ट."

दिवाळीच्या आगेमागे शाळा उघडली. अश्विनी काही येऊ शकत नव्हती. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. "तिचं नाव कमी करा पटावरून. उगाच गैरहजेरी दिसते." बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढं उघडून ठेवलं, पेनचं टोपण काढून दिलं. "करा तुम्हीच. कारणाच्या रकान्यात 'विवाह' लिहा, शेजारी तिची जन्मतारीख आहेच. आणि खाली सही करा." सरांनी जन्मतारीख वाचली, पेनाकडं बघितलं, रजिस्टर मिटलं. तिचं नाव पटावर राहिलं.

हिवाळ्यात एकदा रफिकभाई हसतच केबिनमधून उतरला. पिशवी रिकामी होती. "अश्विनीच्या सासूनं निरोप दिलाय. कागद वासरानं खाल्ला. दुसरा द्या म्हणाली, आन् पोरीला रागवू नका, दावणीजवळ मीच ठिवला हुता." बाईंनी तो निरोप त्याच्याकडून दोनदा सांगून घेतला. मग दुसरा कागद लिहिला आणि वर पहिल्यांदाच दुसरं नाव टाकलं, "सौ. हौसाबाई यांस, कागद पत्र्याच्या डब्यात ठेवावा." पुढं कळलं, त्याच दिवशी ज्वारीचा एक डबा खरंच रिकामा झाला होता.

परीक्षेला पाठवायला मात्र हौसाबाईची अट होती. सकाळची धार काढून जायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं. माहेरी मुक्काम नाही. एकदा माहेरी राहिली तर परत यायची नाही, ही तिची धास्ती. त्या वर्षी परीक्षा ज्याच्या त्याच्या शाळेतच होती आणि नेमकी एसटी बंद, कर्मचाऱ्यांचा संप. पहिला पेपर मराठीचा, म्हणजे माझाच. दहा वाजले, पोरं आत जायला लागली. सव्वादहा झाले, दहा वीसला फाटक बंद व्हायचं होतं. बाई फाटकात उभ्या. मी दोनदा सांगितलं, बाई, आत चला, येईल. त्यांनी ऐकलंही नसावं. तिचं वर्ष त्या पाच मिनिटांवर आलं होतं, आणि वर्षच नाही, एकदा आज चुकलं की ती पोरगी परत कधीच या फाटकातून आत येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

वळणावर हॉर्न वाजला. मोठा, लांबलचक. दुधाचा टँकर फाट्यावर न थांबता थेट शाळेच्या फाटकात आला. केबिनचं दार उघडून आधी हौसाबाई उतरली, हातात जेवणाचा डबा. मग अश्विनी उतरली, शाळेच्या जुन्या गणवेशात, गळ्यात मंगळसूत्र, हाताला दुधाचा वास.

बाई म्हणाल्या, "हॉल तिकीट?"

"माज्यापाशी हाय," हौसाबाई म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून नीट घडी घातलेला कागद काढला. "पोरगी इसरली आसती. धारंला उशीर झाला, रडत बसली हुती गाडीत, येळ हुतोय म्हणून. रफिकभाईला म्हनलं, बाबा, दूध नासलं तर नासू दे, दाब गाडी."

अश्विनी आत पळाली. पुढचे तीन तास त्या दोघी लिंबाखाली शेजारी शेजारी बसल्या. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो. बाईंनी पर्समधून शेंगदाणे-गूळ काढले आणि अर्धे हौसाबाईच्या ओंजळीत दिले. सगळे पेपर असेच झाले आणि एकाही दिवशी संध्याकाळची धार चुकली नाही.

शेवटच्या पेपरला टँकर निघताना बाईंनी खिडकीतून एक पिशवी वर दिली. अकरावीच्या पुस्तकातलं एक गणित. "परत आला पाहिजे," त्या म्हणाल्या.

मे महिन्याच्या अखेरीला बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ करू दिला नाही. सातारला लेकीकडं जायचं ठरलं होतं. जूनमध्ये निकाल लागला, अश्विनी पास झाली, गणितात वर्गात पहिली. मी फोन केला तर बाई म्हणाल्या, "बरं आहे." आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

जायच्या दिवशी सकाळी त्या डेअरीवर तात्यांचा निरोप घ्यायला आल्या. मी दूध आणायला गेलो होतो. तात्यांनी ते स्टूल पुसून पुढं केलं, पण बाई बसल्या नाहीत. तेवढ्यात फाट्यावरून रफिकभाई चालत आला, हातात पिशवी. "तुमचं पोस्ट, बाई. आज भेटला न्हाईत तर सातारला कुठं शोधू म्हनलं."

बाईंनी कागद उलगडला. अकरावीचं ते गणित पूर्ण सोडवलेलं होतं. एका ओळीवर शेण लागलेल्या बोटाचा ठसा. खाली, जिथं बाई नेहमी पुढचं गणित लिहायच्या, तिथं अश्विनीनं स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता.

"पुढं?"

बाईंनी तो कागद माझ्यापुढं धरला. "बघा, उद्धट झालीय कार्टी," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पर्स उघडली, चाचपली, परत चाचपली. दोन पेनं बाळगणाऱ्या बाईंकडं त्या दिवशी एकही नव्हतं, सामानात बांधून गेली होती.

"सर, पेन आहे का?"

मी खिशातलं दिलं. निळं होतं. बाईंनी एका भरल्या किटलीच्या झाकणावर कागद ठेवला, वाकल्या आणि लिहायला लागल्या. किटलीवाला मागं गोलात थांबला होता, त्याच्या मागं रांग. कुणीही घाई केली नाही.